पोलिसांची ढेरी आणि रात्रपाळी

एकांनी लिहिलंय की पोलिसांची ढेरी म्हणजे फुकटचे वडे आणि आळस. पूर्ण पटलं नाही. नाशिकच्या त्रिंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून फौजदार सडसडीतच बाहेर पडतो. पोट सुटतं ते नंतर. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या पोलिसांच्या अभ्यासात मध्यरात्रीच्या पाळीवाल्यांत मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, बीपी, साखर, रक्तातली चरबी यांचे बिघाड एकत्र येणं) जास्त दिसला, त्यातही झोप कमी किंवा ओव्हरटाइम जास्त असणाऱ्यांत. झोप मोडली की शरीर इन्शुलिनला, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही.

माझे मेहुणे नाशकात हवालदार आहेत. विसर्जनाला रविवार कारंज्यावर बंदोबस्त होता. दुपारचा डबा संध्याकाळी उघडला तर पोळ्या कडक, भाजीला वास. मग चहा आणि वडापावच. पाणीसुद्धा बेतानं प्यायचं, कारण जागा सोडून जाणार कुठे? (महिला शिपायांचे हाल तर विचारूच नका.)

आणि पॅन्टचा नंबर ३४ आहे म्हणून खूश होऊ नका, पट्टा ढेरीखाली बांधलेला असतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही मर्यादा. शिवाय बीपी १३०/८५, उपाशीपोटी साखर १००, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा त्याहून जास्त, आणि कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल). पाचांपैकी तीन बिघडले की सिंड्रोम.

२०२७ चा सिंहस्थ येतोय. बंदोबस्ताच्या याद्या लागण्याआधी निदान चाळिशीपुढच्यांची लिपिड (रक्तातली चरबी) आणि साखर तपासून घ्या, आणि पॉइंटवर वेळेत गरम जेवण पोचवा.