विषय: ग्रेट डेन दत्तक घेतोय, अनुभवी मंडळींनी सांगावं

समीर:

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीच्या मेल्समध्ये एक वेगळा प्रश्न. इथल्या मिशिगनमधल्याच एका रेस्क्यूकडे (बेघर कुत्र्यांना घर शोधून देणारी संस्था) तीन वर्षांची ग्रेट डेन कुत्री आहे, वजन 120 पौंड. आम्ही सगळे तिच्या प्रेमात पडलोय. लेक नऊ वर्षांची आहे. आई-बाबा दर उन्हाळ्यात नाशिकहून येऊन राहतात, आणि आईला रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत. बायकोला वाटतं पिल्लूच आणावं, म्हणजे ते आपल्या घराच्या वळणावर वाढेल. कुणी एवढं मोठं कुत्रं पाळलंय का?

समीर

मेधा:

समीर,

तीन वर्षांची मिळतेय तर तीच घे. डेनचं पिल्लू वर्षाच्या आत शंभर पौंडांपर्यंत जातं आणि अंगातला पोरकटपणा पुढे बराच काळ टिकतो. हाडांची वाढ दीड-दोन वर्षं चालते. तेवढ्या काळात खाणं फार जपावं लागतं: मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचंच, कॅल्शियम मोजून दिलेलं. आपल्याकडे प्रेमाने वरून दूध, पनीर, कॅल्शियमच्या गोळ्या द्यायची सवय असते, त्याने या पिल्लांचे सांधे बिघडतात. शिवाय मोठ्या कुत्रीचा स्वभाव आधीच कळतो. लहान मुलं, मांजर, दारावरची बेल, पाहुणे यांच्याशी ती कशी वागते ते फॉस्टर घराला, म्हणजे तिला सध्या तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबाला, सविस्तर विचार. हृदयाची आणि कंबरेच्या सांध्यांची तपासणी झालीय का, तेही विचार.

लेकीला एक गोष्ट आधीच सांग. डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. आपल्या मिशिगनमधल्याच ओट्सीगोचा झ्यूस, खांद्यापर्यंत 44 इंच, जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनेसमध्ये नोंदला गेला आणि 2014 मध्ये पाच वर्षांचा असतानाच गेला. तुझी लेक कॉलेजला जाईपर्यंत ही कुत्री बहुधा नसेल. हे माहीत असूनही हवी असेल तर जरूर आणा. मी स्वतः हे दुःख सोसलंय आणि तरी पुन्हा डेनच आणला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोट. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट हवेने फुगतं आणि स्वतःभोवती पिळा घेतं. डेनमध्ये हा धोका सर्वांत मोठा. ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, पोट टणक लागतं, कुत्रं एका जागी बसत नाही. असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, फोनवर सल्लेही विचारत बसायचं नाही, गाडी काढायची. काही तासांत जीव जातो. रात्री उघडं असणारं इमर्जन्सी हॉस्पिटल कुठलं, ते कुत्री घरी यायच्या आधी शोधून ठेव.

यावर 'गॅस्ट्रोपेक्सी' नावाची शस्त्रक्रिया असते, म्हणजे पोट बरगडीलगतच्या भिंतीला टाके घालून धरून ठेवतात. पोट त्यानंतरही फुगू शकतं, पण जीवघेणा पिळा सहसा पडत नाही. मादीची नसबंदी करताना बरेच व्हेट्स ती सोबतच करतात. रेस्क्यूला विचार, झालीय का. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत वाटून दे, आणि जेवणाच्या आधी-नंतर पळापळ नको. उंच स्टँडवरचं भांडं चांगलं असं दुकानात सांगतात, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला. आमचं भांडं जमिनीवरच असतं.

जागेची फार काळजी करू नकोस, घरात ती दिवसभर झोपून असते. अंगावर केस आखूड, त्यामुळे आपल्या हिवाळ्यात बाहेर ठेवायचा प्रश्नच येत नाही. खर्च मात्र सगळा वजनावर: हार्टवर्मच्या (हृदयातल्या जंतांच्या) गोळ्या, भूल, औषधं. तिचा विमा पहिल्याच आठवड्यात काढ, आणि घराच्या विम्यात या जातीला आडकाठी आहे का तेही बघ.

ओट्यावर काही उघडं ठेवायचं नाही. तिचं तोंड सहज तिथे पोचतं. शिऱ्यातले बेदाणे, चिवड्यातल्या मनुका किडनीला घातक, आणि कांदा-लसूणही विषारीच.

मेधा

देशपांडेकाका:

चि. समीर,

मुलाच्या घरी डेन आहे, म्हणून आई-बाबांपुरतं लिहितो. हे प्राणी प्रेमाने माणसाच्या अंगावर रेलतात. उभ्या म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं. त्यामुळे तो जवळ आला की आम्ही दोघं आधी खुर्चीत बसतो. शेपटीचा फटकाराही जोरदार लागतो. तुझ्या आईला त्या गोळ्या आहेत, तेव्हा ओरखडाही किरकोळ समजू नका. कुत्रीची नखं नेहमी कापलेली असू देत. पट्टा बाबांच्या हातात देऊ नकोस, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. खार दिसली की कुत्री ओढणारच.

बाकी माझ्या बायकोला कुत्र्यांची जन्मभर भीती होती. आता दुपारी ती पोथी वाचते आणि हा तिच्या पायाशी घोरतो.

काका

समीर:

मेधाताई, काका, मनापासून आभार. रेस्क्यूला फोन केला. नसबंदी झालीय, पण पेक्सी केलेली नाही. आमच्या व्हेटने ती दुर्बिणीतून वेगळी करता येईल असं सांगितलं, आई-बाबा यायच्या आधी उरकून घेतो. लेकीला वयाचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तिची आधीची तीन वर्षं कशी गेली ते आपल्याला माहीत नाही ना? मग पुढची आपण देऊ."

शनिवारी ते लोक घर बघायला येणार आहेत. कुणाकडे 54 इंची क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

समीर