मदत हवी आहे: जुन्या चर्चच्या ओल धरलेल्या भिंतींचं काय करावं?

गावातलं जुनं दगडी चर्च बरीच वर्षं बंद आहे. ते दुरुस्त करून सगळ्यांसाठी सभागृह करायचं ठरलंय. छताचं काम मार्गी लागलं, पण भिंतींपाशी अडलोय.

मूळ बांधकाम चुन्याचं आहे. मधे कधीतरी कुणीतरी आतून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. त्यामुळे आता गिलाव्याच्या वरच्या कडेला मिठासारखी पांढरी पूड फुटते, बोट लावलं की दगडाचा पापुद्रा हातात येतो. बघवत नाही.

सिमेंट काढायचं हे नक्की. पण छिन्नीने काढताना मऊ दगडही निघतोय. कुणी हे काम केलंय का? दगड न दुखावता कसं काढलंत? आणि नवा चुन्याचा गिलावा लगेच करायचा, की भिंत आधी सुकू द्यायची? किती महिने?

दुसरं म्हणजे आवाज. उंच छतामुळे बोललेलं इतकं घुमतं की मागच्या बाकावर शब्दच कळत नाहीत. जाड पडदे पुरतील का? खोटं छत मला नकोच आहे, लाकडी कैच्या झाकल्या जातील. १९६४च्या व्हेनिस सनदेतही (जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) हेच आहे: वास्तू लोकांच्या उपयोगी जरूर आणा, पण तिची मांडणी आणि सजावट बदलू नका.

अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फोटो लगेच टाकते.