आत्याचा टीसी-डी५एम : दुरुस्त करू का? आणि लोक अजून याच्या मागे का असतात?

रानवाट :
नमस्कार मंडळी. माझी आत्या पूर्वी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायची. तिने तिचा सोनी टीसी-डी५एम, म्हणजे खांद्याला लटकवायचा कॅसेट रेकॉर्डर, आणि खोकंभर कॅसेटी आता माझ्या हवाली केल्या आहेत. मशीन चालतंय, पण लांब शीळ मधूनच थरथरते. दुरुस्ती करणारे म्हणाले, "रबर बदलतो, फीत वाचणारं हेडही नव्याने सेट करून देतो." तिथेच बसलेल्या एका गृहस्थांनी ते पाहताक्षणी विकत मागितलं! याच कॅसेटी घरातल्या साध्या प्लेयरवर आवाज कोंदट देतात, डी५एमवर मात्र पक्षी समोर बसल्यासारखा वाटतो. असं का होतं? आणि दुरुस्ती करून घेऊ की नको?

खर्जातला :
रबर बदलून घ्या. हेडला हात लावू देऊ नका! बाकीचं सूरफीतताई सांगतील, त्यांचं आयुष्य या मशीन उघडण्यात गेलंय.

सूरफीत :
खर्जातला यांनी नेमकं सांगितलं. सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून होईपर्यंत हेड आहे तसंच राहू द्या.

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक अख्खी लाट फितीवर ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. हेडमधली बारीक फट फितीच्या वाटेला बरोबर काटकोनात असेल तरच ती लाट नीट वाचली जाते. फट किंचित जरी कलली तरी लाटेची वरची आणि खालची बाजू मागेपुढे वाचली जाते, दोन्ही एकमेकींना खातात, आणि सगळ्यात आधी वरचे बारीक आवाज जातात. या कोनाला ॲझिमथ म्हणतात. आत्यांच्या कॅसेटी या हेडच्या कोनात भरल्या आहेत. तो कोन कारखान्याच्या मापाला धरून असो वा थोडा ढळलेला, त्या कॅसेटींपुरता तोच बरोबर. तुमच्या साध्या प्लेयरचा कोन वेगळा पडत असणार, म्हणून तिथे आवाज कोंदट येतो.

कॅसेटच्या कार्डावर डॉल्बीची, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या सोयीची, खूण केली आहे का तेही बघा. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट वाजवतानाही डॉल्बी लागते.

आता लोक मागे का लागतात ते. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपून घेण्यासाठी होती. एवढ्या अरुंद आणि संथ फितीतून संगीत शोभेल असा आवाज काढायचा, तोही सेलवर, खांद्याला लटकवलेल्या पेटीतून, हे फार अवघड यांत्रिक काम होतं. चालताना हेलकावा बसला की आतल्या फिरत्या चाकाची गती ढळते आणि लांब स्वर थरथरतो. तुमचा डी५एम १९८० चा, दोन मोठ्या सेलवर चालणारा, आणि तरी घरातल्या चांगल्या डेकच्या तोडीचा. सोनीच्याच १९८४ च्या डब्ल्यूएम-डी६सी या छोट्या रेकॉर्डरमध्ये मोटरची गती सतत क्वार्ट्झ स्फटिकाशी ताडून पाहिली जाते. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या मशीनच्या गतीची थरथर सोनीने ०.०४ टक्के दिली होती, आणि नीट ठेवलेलं मशीन आजही त्याच्या जवळपास जाताना मी मोजलंय. मरान्झच्या पीएमडी-४३० मध्ये तर तीन हेड, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असतानाच फितीवर काय उमटलं ते ऐकता येतं.

आज नवीन निघणारे बहुतेक प्लेयर एकाच साध्या यंत्रणेच्या नकला असतात. डॉल्बी नाही, जुनं रेकॉर्डिंग पुसायला साधं चुंबक. असली अचूक यंत्रणा पुन्हा घडवायची तर साचे, हेड, मोटर सगळंच नव्याने उभं करावं लागेल, आणि ते कोणी करत नाही. त्यामुळे जुनी चांगली मशीन जपण्याला पर्याय नाही.

मला स्वतःला मात्र सगळ्यात प्रिय आहेत ते डी५एमचे आवाजाची लेव्हल दाखवणारे दोन काटे आणि त्यांच्या जोडीचा नॉब. लेव्हल कमी ठेवली तर खरखर वर येते, जास्त ठेवली तर फीत भरते आणि आवाज दाटतो. आवाज व्हायच्या आधीच अंदाज बांधावा लागतो. कान हेडफोनमध्ये, बोट नॉबवर, नजर काट्यावर. त्या कॅसेटी नीट ऐका. पक्षी मोठ्याने ओरडायच्या आधी मागची पानांची सळसळ अलगद खाली गेली, तर समजा आत्यांनी तिथे नॉब फिरवलाय. पक्षी आता ओरडणार हे त्यांना आधी कळलं होतं.

शून्यएक :
ताई, आदर ठेवून विचारतो. कॅसेटमध्ये खरखर आणि मूळ आवाज यांत नुसतं पन्नास-पंचावन्न डेसिबलचं अंतर. १६ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगलासुद्धा ते ९६ पर्यंत जातं. खिशात मावणारा डिजिटल रेकॉर्डर असताना ही पेटी कोणी का वाहावी?

सूरफीत :
नवीन पक्षी टिपायला जात असाल तर डिजिटलच न्या, मीही तेच नेते. त्याबद्दल माझा वाद नाही. पण भरलेल्या कॅसेटीत जे आहे ते बाहेर काढणारं कॅसेट मशीनशिवाय दुसरं काही नाही, आणि ते किती बाहेर येईल हे मशीनवर ठरतं. साध्या प्लेयरवरून उतरवलेली फाइल २४ बिटची केली तरी हेडने न वाचलेला आवाज त्यात कुठून येणार? अशी कोंदट उतरवून, मूळ फेकून दिलेली रेकॉर्डिंग माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं. आणि एक सांगते, डिजिटलवरही लेव्हल ऑटोवर, म्हणजे मशीनवर, सोडू नका. शांततेत ऑटो खरखर फुगवतो आणि पहिल्या मोठ्या आवाजाला दचकून सगळंच खाली ओढतो. ज्यांनी काट्यांवर काम केलंय ते हाताने लेव्हल लावतात, मशीन कुठलंही असो.

रानवाट :
खूप आभार ताई. विकायचा विचार सोडला. काल आत्याला फोनवर ऐकवलं, तर तिने जागा आणि ऋतू दोन्ही ओळखले. एक शंका आहे, काही कॅसेटी सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांच्या आहेत. त्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

सूरफीत :
हो. सी-९० ची फीत साधारण १२ मायक्रॉन जाड, सी-१२० ची ९ च्या आसपास. ती ताणली जाते, फीत पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरला गुंडाळते. म्हणून आधी रबर बदलून घ्या, रोलर आणि हेड पुसून घ्या, सी-६० आणि सी-९० उतरवा, मशीनचा भरवसा बसला की मग सी-१२०. त्या फास्ट फॉरवर्ड-रिवाइंड करत बसू नका, सुरुवातीपासून एकदाच सलग वाजवा आणि तेवढ्यातच रेकॉर्ड करा. सगळ्या कॅसेटींच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या टिकल्या आजच तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. आणि मशीन ठेवून देताना सेल काढून ठेवा.