शब्दचर्चा : वीजसंचांच्या गणितातील 'रिझर्व्ह' म्हणजे 'शिल्लक' की 'राखीव'?

प्रश्न (बडोदे, दांडिया बाजार)

अभ्यासकांस नमस्कार. दुसऱ्या दिवशीची विजेची मागणी भागवण्यासाठी कोणते निर्मितिसंच कोणत्या वेळी चालवायचे आणि कोणते बंद ठेवायचे, हे संगणकावर आधीच मांडून पाहण्याच्या पद्धतीवर मी मराठीत लेख लिहीत आहे. अशा प्रतिकृतीत (मॉडेलमध्ये) पंधरा मिनिटांच्या प्रत्येक वेळखंडासाठी 'रिझर्व्ह', म्हणजे अंदाज चुकला किंवा संच बंद पडला तर वापरायची जादा निर्मितिक्षमता, किती असावा, याची अट घालावी लागते. पहिल्या मसुद्यात मी 'शिल्लक क्षमता' असे लिहिले होते. घरातील वडीलधाऱ्यांनी 'गंगाजळी' सुचवले, आणि गुजराती मित्र 'अनामत' म्हणतात. यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि 'रिझर्व्ह रिक्वायरमेंट' या जोडशब्दाला काय म्हणावे?

उत्तर (निवृत्त मराठी अध्यापिका)

'अनामत' बडोद्यात सगळ्यांच्या तोंडी असला तरी तो आपण टाळावा. गुजरातीत त्या शब्दाने नोकऱ्यांतील आरक्षणही सांगतात. मराठीत मात्र अनामत म्हणजे परत मिळण्याच्या बोलीवर दुसऱ्याकडे ठेवलेली रक्कम, आणि एकाच गावातील दोन वाचक तो शब्द दोन अर्थांनी वाचतील. 'गंगाजळी' हा शब्द देशाच्या परकीय चलनाच्या साठ्यासाठी शोभतो, कारण तो साठा साचत जातो. आपण सांगता ती क्षमता साचत नाही. या वेळखंडात न वापरलेली क्षमता पुढच्या वेळखंडात भर म्हणून मिळत नाही. 'राखीव' मला योग्य वाटतो. 'राखणे' या क्रियापदात बाजूला काढून ठेवणे आणि डोळ्यांत तेल घालून जपणे, हे दोन्ही अर्थ आहेत. ज्या संस्थानाने कारभारातील शब्दांसाठी 1931 मध्ये आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध केला, त्या गावात शब्द पारखून घेण्याची ही चर्चा होते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

उत्तर (भारप्रेषणाचे, म्हणजे मागणीनुसार कोणत्या संचाने किती वीज द्यायची हे ठरवण्याचे, काम केलेले अभियंता)

बाईंशी मी पूर्ण सहमत आहे, आणि 'शिल्लक' हा शब्द आपण काढूनच टाकावा असा माझा आग्रह आहे, कारण त्याने केवळ भाषा नव्हे तर हिशेबही चुकतो. कोळशावरचा 500 मेगावॉटचा एक संच 300 मेगावॉटवर चालला आहे असे धरा. शिल्लक 200 मेगावॉट झाली. पण तो संच मिनिटाला क्षमतेच्या 1 टक्का, म्हणजे 5 मेगावॉट, इतक्याच वेगाने चढत असेल, तर पंधरा मिनिटांत त्याच्याकडून 75 मेगावॉटच मिळतील. उरलेले 125 मेगावॉट वहीत आहेत, हाताशी नाहीत. थंड पडलेल्या बंद संचाचे तर या हिशेबात काहीच धरता येत नाही, कारण बॉयलर तापून तो संच ग्रिडला जोडला जाईपर्यंत कित्येक तास जातात. जलविद्युत संचाची गोष्ट वेगळी. पाणी असेल तर तो बंद असूनही काही मिनिटांत कामाला लागतो. म्हणून 'राखीव क्षमता' लिहाल तेथे 'किती वेळात मिळणारी' हेही लिहावे. 2023 च्या भारतीय ग्रिड संहितेतही प्राथमिक, दुय्यम आणि तृतीयक असे राखीव क्षमतेचे प्रकार वेळेवरूनच पाडले आहेत.

दुसरा फरक क्रमाचा आहे. शिल्लक खर्चानंतर मोजतात. राखीव आधी बाजूला काढतात. संच निवडण्यापूर्वीच अट घातली, तर प्रतिकृती गरज पडल्यास एक जादा संच, त्याच्या आरंभखर्चासह, चालू करते. निवड झाल्यावर नुसते मोजले, तर दुपारी सौरऊर्जेमुळे भरपूर क्षमता रिकामी दिसते आणि सूर्य मावळताना, जेव्हा ती सर्वांत जास्त हवी असते, तेव्हा हाती काहीच उरत नाही.

'रिक्वायरमेंट' साठी 'गरज' नको, 'अट' घ्यावी. गरज वारा, ऊन आणि मागणी यांच्या अंदाजातील चुकीतून निर्माण होते व तासागणिक बदलते. अट आपण घालतो, आणि ती चुकूही शकते. सर्वांत मोठा संच अचानक बंद पडला तरी भागले पाहिजे, ही जुनी अट आहे. आपल्याजवळच्या वणाकबोरीचा आठवा संच 800 मेगावॉटचा आहे, यावरून तिचा आवाका कळेल. अमेरिकेच्या पश्चिम भागातील 2010 च्या एका अभ्यासात मागणीच्या 3 टक्के अधिक पवनऊर्जेच्या 5 टक्के, असा ठोकताळा वापरला होता. मागणी 20,000 आणि वारा 4,000 मेगावॉट धरला, तर 600 अधिक 200, म्हणजे 800 मेगावॉट होतात. मात्र ठोकताळ्याला ठोकताळाच म्हणावे. अंदाजातील चुकांची जुनी नोंद हाताशी असेल, तर प्रत्येक तासाची अट तिच्यावरूनच काढावी.

प्रश्नकर्ता

सर, एक शंका उरते. 'राखीव जंगल' म्हणजे ज्याला हात लावायचा नाही असे जंगल, आणि 'राखीव पोलीस' म्हणजे प्रसंग पडताच धाडायचे दल. माझ्या लेखातील 'राखीव' यांपैकी कोणता?

उत्तर (विद्युत अभियांत्रिकीतील संशोधक)

हा प्रश्न अगदी मर्मावर आहे, कारण प्रतिकृती बांधणारे येथेच चुकतात. पहिल्या वर्षी मीही चुकलो होतो. आदल्या दिवशीच्या नियोजनात, अंदाज चुकेल म्हणून, समजा 500 मेगावॉट राखले. पुढच्या टप्प्यात प्रत्यक्षातला वारा घालून तीच प्रतिकृती चालवताना मी ते 500 मेगावॉट पुन्हा राखूनच ठेवायला लावले, म्हणजे पोलिसांचे जंगल केले. वारा पडला तरी राखीव क्षमता सुटेना, महागडे गॅस संच धावू लागले आणि खर्च विनाकारण फुगला. अंदाजातील चुकीसाठी राखलेला भाग या टप्प्यात मोकळा करावा लागतो. मोठा संच बंद पडण्यासाठी राखलेला भाग मात्र तसे घडेपर्यंत धरून ठेवावा. तसेच अट अगदी अभेद्य ठेवू नये, अन्यथा एखाद्या वेळखंडात उत्तरच निघत नाही. अट मोडल्यास प्रत्येक मेगावॉटमागे मोठा 'तुटीचा दर' लावावा, म्हणजे तूट कोठे व किती पडली ते दिसते.

निवृत्त अध्यापिका

मग संच निवडण्याच्या मूळ क्रियेला, म्हणजे इंग्रजीतील 'युनिट कमिटमेंट' ला, शब्दशः 'वचनबद्धता' म्हणू नये. मला 'जुंपणी' सुचते : बैल आदल्या रात्री ठरवतात, आणि एकदा जुंपल्यावर लगेच सोडत नाहीत.

अभियंता

'संचजुंपणी' उत्तम आहे, बाई; संच चालू केल्यावर ठरावीक तास बंद करता येत नाही, ही अटही त्यात आपोआप येते. 'स्पिनिंग रिझर्व्ह' ला, म्हणजे ग्रिडला जोडून चालू असलेल्या संचांत राखलेल्या क्षमतेला, मात्र 'फिरती राखीव' म्हणू नये, कारण मराठीत 'फिरती' म्हटले की दौऱ्याची नोकरी आठवते. 'जोडलेल्या संचांतील राखीव क्षमता' असे लांबलचक लिहिले तरी चालेल.