आधीच मॉडिफाय केलेली जुनी थार घ्यावी, की स्टॉक घेऊन स्वतः बांधावी?

रानवाट

गाडी ठरली आहे: महिंद्राची जुनी थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली), फोर बाय फोर, म्हणजे २०२० च्या आधीची. वापर पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणी नि इगतपुरीकडचे कच्चे रस्ते, वर्षाकाठी एखादी हिमालयाची फेरी. रोज ऑफिसला न्यायची नाही, स्पर्धेतही उतरवायची नाही.

समोर दोन पर्याय आहेत. एक बांधलेली: दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शनवर उंच केलेली), ३१ इंची मड टेरेन (चिखलाचे) टायर, लोखंडी बंपर, ९५०० पौंडी विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढायची मोटर), स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून घेणारी नळी), हार्डटॉप (कडक छत), इंजिन रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं). दुसरी त्याच वर्षाची, जवळपास तेवढीच चाललेली, पण पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी. पहिली अडीच लाखांनी महाग आहे. माझा कल दुसरीकडे आहे. बाजू घ्या, पण कारणासकट.

पान्हा१७

कल चुकतोय. वही-पेन घ्या. पाच टायर (स्टेपनीही ३१ चीच लागते, जुन्या मापाची टाकलीत तर डिफरन्शियलला त्रास), पाच रिम, विंच. नवं घ्यायला गेलात तर अडीच लाखांतले बहुतेक इथेच संपतात. सस्पेन्शन किट, बंपर, स्नॉर्कल, हार्डटॉप, रंग आणि मजुरी अजून मोजलेलीच नाही. विकताना मालकाला गाडीचे पैसे मिळतात, बोल्टांचे नाहीत. त्याचा तोटा तो तुमचा फायदा.

दुसरं म्हणजे वेळ. बंपर एकाचा, विंचची प्लेट दुसऱ्याची, भोकं जुळत नाहीत, मग लेथवाल्याकडे फेऱ्या. टायर आतल्या मडगार्डला घासतो, स्टिअरिंग पूर्ण वळत नाही, नव्या शॉकचा बुश आवाज करतो. पहिला सीझन या दुरुस्त्यांतच जातो. बांधलेल्या गाडीत हे सगळं आधीच्या मालकाने भोगून संपवलेलं असतं.

अट एकच: प्रत्येक पार्टचं बिल आणि काढलेला स्टॉक माल (स्प्रिंगचे पाटे, शॉक, रिम, सॉफ्टटॉप म्हणजे कापडी छत) गाडीसोबत मिळाला पाहिजे. माल जपून ठेवणारा माणूस बहुधा कामही नीट करून घेतो.

कमानपाटा

सपशेल असहमत. बिलावर 'लिफ्ट किट' लिहिलेलं असतं, ती कशी बसवली ते लिहिलेलं नसतं.

या थारला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात) आहे. पुढची बाजू उचलायचा फुकटातला मार्ग म्हणजे टॉर्शन बारचे अ‍ॅडजस्टिंग बोल्ट पिळणे. गाडी उंच दिसते, पण सस्पेन्शनची एकूण हालचाल एक मिलीमीटरही वाढत नाही. खाली लोंबायची जागा तेवढी संपते. खड्डा आला की आर्म ड्रूप स्टॉपवर (चाक खाली लोंबण्याच्या हद्दीवर) आपटतो, 'टक्क' असा आवाज येतो. सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) कायम वाकड्या कोनात फिरतो, त्याचा रबरी बूट घडीवर फाटतो, ग्रीस बाहेर नि चिखल आत. बॉल जॉइंट लवकर जातात, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडून टायर एका बाजूने खाल्ला जातो.

मागे तर ठोकळे. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये एक ठोकळा चालतो. एकावर एक दोन दिसले तर तिथूनच परत फिरा. ठोकळ्यामुळे अ‍ॅक्सलला पाटे पिळायला जास्त लिव्हर मिळतो. चढावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या जास्त जोराच्या गिअरमध्ये) जोर दिला की पाटे 'एस' आकारात वळतात, पिनियन (डिफरन्शियलमध्ये ताकद नेणारा गिअर) वर उचलला जातो, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तुटतात. त्यात पाटे बांधणारे यू-बोल्ट जुनेच वापरलेले असतात. एकदा ताणून बसवलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, आणि नवाही पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क करायचा असतो. किती जण करतात?

आणि मूळ प्रश्न असा की लिफ्ट हवीच कशाला? मागे सलग अ‍ॅक्सल आहे. दोन इंच लिफ्टने मागचा डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो फक्त टायरने उचलला जातो. स्टॉक २३५/७० आर१६ चा व्यास ७३५ मिमी, ३१ इंचीचा ७८७. म्हणजे डिफखाली २६ मिमी वाढले. लिफ्टने मिळते ती टायरला जागा आणि पोटाखालची उंची. ताम्हिणीच्या चिखलाला यातलं किती लागतं?

पान्हा१७

तुम्ही सांगितलेली प्रत्येक खोड रॅम्पवर अर्ध्या तासात दिसते. आणि तीच गाडी रानवाट यांनी स्वतः बांधायला दिली तर काम करणार कोण? तेच गॅरेज, तोच मिस्त्री. टॉर्शन बारचा बोल्ट तुमच्या डोळ्यांदेखत पिळला म्हणून सीव्ही जॉइंटला कमी दुखत नाही.

बघायचं कसं, ते लिहितो:

गाडी चाकांवर उभी असताना पुढच्या आर्म आणि ड्रूप स्टॉपमधली फट बघा. बोट जेमतेम जात असेल तर बोल्ट पिळलेत. मग भावातून बॉल जॉइंट आणि सीव्ही दोन्ही वजा करा.

स्नॉर्कल: इंजिन आयडलवर ठेवून वरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा. काही सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा खालून कुठूनतरी येते आहे आणि पाणीही तिथूनच येणार. बहुतेक वेळा एअर फिल्टरच्या डब्याचं ड्रेनचं भोक उघडं राहिलेलं असतं.

दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलेलं आहे. स्नॉर्कल लावणारे बरेच जण अ‍ॅक्सलचे ब्रीदर (हवा जायच्या नळ्या) वर घ्यायचे विसरतात. तापलेला डिफ ओढ्यात उतरला की थंड होताना पाणी आत ओढतो. ड्रेन प्लगवर करडी पेस्ट चालते, धातूचे तुकडे नाहीत.

क्लच: सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले पण वेग त्याच प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय. रिमॅप आणि मोठे टायर एकत्र असले की पहिला बळी त्याचाच.

टायरचं वय बाजूवर चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोबणी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर ओल्या कातळावर साबणासारखं घसरतं. असे टायर शून्य किमतीत धरा.

फ्यूजउडाला

अर्ध्या तासात रॅम्पवर सगळं दिसतं, वायरिंग सोडून. बांधलेल्या गाडीत मला खरी भीती तिचीच वाटते.

९५०० पौंडांचा विंच पूर्ण ताणावर बारा व्होल्टवर चारशे अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला जाड तांब्याची केबल, क्रिंप केलेले लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) आणि बॅटरीजवळ आयसोलेटर (वीज तोडणारा) स्विच हवा. प्रत्यक्षात काय सापडतं? वेल्डिंग मशीनची केबल, पक्कडीने दाबलेले लग, आयसोलेटर नाहीच. बंपरच्या कडेला केबल घासून उघडी पडली की बॅटरी थेट चॅसीला शॉर्ट, मध्ये फ्यूजही नाही.

एलईडी बारला रिले नसतो, हेडलाइटच्या वायरीतून टॅप मारलेला असतो. वर काळी टेप. पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं, रेझिस्टन्स वाढतो, वायर तापते. रिमॅपवाल्या काही गाड्यांत सेन्सरच्या वायरीतही छेडछाड केलेली असते. ती शोधायला ऑटो इलेक्ट्रिशियनचे दोन-तीन दिवस जातात आणि तरी खात्री नसते.

तपासायचंच तर इंजिन, दिवे सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हला क्लॅम्प मीटर लावा, थोडा वेळ थांबा. पन्नास मिलीअँपिअरपेक्षा बरंच जास्त दिसलं तर काहीतरी गुपचूप वीज पितंय. मीटर डीसी मिलीअँपिअर दाखवणारा हवा, साधा एसीवाला नाही.

पायरीआरटीओची

तिघेही कागदाबद्दल गप्प आहात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए(४) मालकाला लागतं: प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'मालक' शब्द नीट वाचा. बदल आधीच्या मालकाने केलेला असला, तरी आरसी तुमच्या नावावर झाली की तपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. लोखंडी बंपरवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

पंधरा वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये जाईल. तेव्हा सॉफ्टटॉप, मूळ बंपर, मूळ टायर कुठून आणणार? पान्हा१७ यांची स्टॉक मालाची अट म्हणूनच महत्त्वाची, पण असा माल देणारे विक्रेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

घेण्याआधी चॅसी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष बघून 'वाहन' या सरकारी पोर्टलवरच्या नोंदीशी जुळवा, बँकेचा बोजा उतरलाय का पाहा. इंजिन बदललेलं आणि आरसीवर चढवलेलं नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. विम्याचंही तसंच: न कळवलेला बदल हे दावा नाकारायला आयतं कारण.

जिप्सीवाला

मुद्दा थारचा आहे हे मान्य, पण मारुती जिप्सीत उत्तर उलटं येतं म्हणून लिहितो. जिप्सीला दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. मोठी उंची हवी तर पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतात. त्यासाठी हाउसिंगवर नवे बैठक-पॅड योग्य पिनियन कोनात वेल्ड करावे लागतात, ड्रॅग लिंक बदलावी लागते, ब्रेकचे होज लांब करावे लागतात. हे काम हातखंडा असलेल्यानेच करावं. शिकाऊ वेल्डरने हाउसिंग तापवून वाकवलं की अ‍ॅक्सलचे सील आयुष्यभर गळत राहतात. म्हणून जिप्सी बांधलेलीच घ्यावी, आणि ती बांधणारा कोण हे विचारून घ्यावी.

साठच्या वेगात स्टिअरिंग थडथडायला लागलं तर डॅम्पर बदलून गप्प बसू नका. किंगपिन बेअरिंग, टाय रॉड एंड आणि पाट्यांचे बुश सैल झालेले असतात. डॅम्पर फक्त लपवतो. गंज मागच्या पाट्याच्या शॅकलच्या माउंटिंगपाशी बघा, पेचकसच्या मुठीने ठोकून. बद्द आवाज आला तर आत पत्रा उरलेला नाही. किनाऱ्यावर खेळवलेल्या गाडीत हे हमखास.

कमानपाटा

जिप्सीबद्दल सहमत. पण बोल्टने जोडलेलं काम उलटवता येतं, वेल्डिंगने केलेलं नाही, हा फरक थारलाही लागू आहे. विंचची प्लेट चॅसीच्या शिंगांना बोल्टने धरली असेल तर ठीक. थेट वेल्ड केली असेल किंवा शॉक माउंट कापून वर सरकवले असतील तर स्टॉक माल सोबत असून उपयोग काय?

रानवाट, स्टॉक घेतलीत तर सगळं एकदम करू नका. आधी सर्व ऑइल, बुश, ब्रेक, कूलंटचे होज. इतक्या जुन्या गाडीत मॉडिफिकेशनपेक्षा हाच खर्च जास्त गरजेचा. मग टायर: २४५/७५ आर१६ मूळ १६ इंची रिमवरच येतो, व्यास ७७४ मिमी, रिमचा खर्च वाचला. सोबत पुढे-मागे चॅसीला बोल्ट केलेले रेटेड रिकव्हरी पॉइंट, कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोन शॅकल (दोर जोडायच्या कड्या), कॉम्प्रेसर. टोइंगचा गोळा रिकव्हरी पॉइंट नव्हे. तो तुटला तर काचेतून आत येतो. चिखलात टायर १८ पीएसआयवर आणा, परतताना भरा. एवढ्यावर एक पावसाळा काढा. लिफ्ट आणि विंच पाहिजे की नाही, ते मग गाडीच सांगेल.

आणखी एक. २०१५ च्या फेसलिफ्टपासून मागे मेकॅनिकल लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) कंपनीकडूनच आलेला असतो. दोन चाकांच्या वेगात साधारण शंभर आरपीएमचा फरक पडला की तो आपोआप लॉक होतो. लिफ्टवाल्या २०१३ पेक्षा लॉकरवाली स्टॉक २०१६ चिखलात पुढे जाते. तुमच्या दोन्ही गाड्या कोणत्या वर्षाच्या?

रानवाट

दोन्ही २०१४ च्या, म्हणजे लॉकर दोन्हींत नाही. बांधलेल्या गाडीचं हार्डटॉप आरसीवर नाही, स्टॉक शॉक आणि पाटे आहेत, सॉफ्टटॉप विकून टाकलाय. मागे एकच ठोकळा. टायर २०१८ चे. ओडोमीटर ६०,०००.

पान्हा१७

६०,००० नव्हे. ३१ इंचीवर प्रत्यक्ष अंतर सात टक्के जास्त असतं. सगळं अंतर याच टायरवर झालं असेल तर ६४,२०० धरा, आणि टायमिंग बेल्ट-क्लचचा हिशेब त्यावरून करा. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या वर असते.

२०१८ चे टायर म्हणजे शून्य. सॉफ्टटॉप नाही, मग हार्डटॉपही शून्य, उलट नूतनीकरणाआधी सॉफ्टटॉप शोधायचा खर्च उणे. रिमॅपला मी कधीच पैसे देत नाही. मूळ फाइल परत टाकून द्यायला सांगा. उरले रिम, विंच, बंपर, स्नॉर्कल आणि सस्पेन्शन. स्टॉकपेक्षा एक लाख जास्त, त्यावर एक रुपया नाही, तोही फ्यूजउडाला यांनी सांगितलेली मीटरची चाचणी पास झाली तर. मालक दीड लाखावर अडला तर स्टॉक घ्या. हे मी म्हणतोय, नोंद घ्या.

कमानपाटा

नोंद घेतली. तरी विंच एकदा ताणाखाली चालवून बघा. नुसती दोरी बाहेर सोडून परत गुंडाळली तर मोटर नेहमी चांगलीच वाटते. चढावर गाडी न्यूट्रलमध्ये, विंचची दोरी झाडाच्या पट्ट्याला, आणि वीस-तीस फूट स्वतःलाच ओढू द्या. विंचचा ब्रेक धरत नसेल तर थांबल्यावर गाडी मागे सरकायला लागते, म्हणून आत एक जण गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला हवा आणि दोरीच्या रेषेत कुणीही उभं नको.