राजापूरच्या पेठेतील जुन्या दुकान-इमारतीचे वारसामूल्य कसे ठरवावे?

पेठकरी (प्रश्न)

राजापूरच्या बाजारपेठेत पणजोबांच्या काळापासून आमची एक इमारत आहे. खाली तीन गाळे, वर पूर्वीचे बिऱ्हाड, जांभ्याच्या भिंती, सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौले. ती पाडून व्यापारी संकुल बांधावे, असे बहुतेक चुलत भावंडांचे मत आहे. मी विरोध केला की, इथे ना कोणी थोर पुरुष राहिला, ना कुठे नक्षीकाम आहे, मग वारसा कशाचा, असे ते विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही. गाळ्यांना अजून खाचेत सरकवायच्या फळ्या आहेत आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आतून आकडा कोरलेला आहे. माळ्याच्या तक्तपोशीत पोते वर जाईल एवढी झडप असून तिच्यावरच्या तुळईत लोखंडी कडी आहे. अशा इमारतीचे मूल्य कोणत्या निकषांवर ठरते, आणि ती वारसा इमारतींच्या सरकारी यादीत गेल्यास आमचे हात बांधले जातात का?

जांभाचुना

आपण सहज उल्लेखलेली झडप हेच मला सर्वांत मोलाचे वाटते. अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी पावसाळ्यात जवाहर चौकात शिरते, हे राजापूरकरांना सांगायला नको. पाणी चढू लागताच खालचा माल थोड्या वेळात माळ्यावर जावा, ही सोय ज्या सुताराने इमारतीतच करून ठेवली, त्याला ही नदी आणि हा व्यापार दोन्ही पुरते ठाऊक होते. इंग्रजांची वखार असलेले आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वारी केलेले हे बंदर पुढे खाडीतल्या गाळामुळे मागे पडले. गलबते येईनाशी झाली, तरी त्या व्यापाराची रीत अशा गाळ्यांमधूनच टिकून राहिली आहे.

कायद्यालाही थोर पुरुष लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील वारसा इमारतीच्या व्याख्येत स्थापत्य, सौंदर्य, इतिहास आणि संस्कृती या सर्वच मूल्यांना स्थान आहे. यादी अंतिम होण्यापूर्वी हरकती व सूचना मागवल्या जातात, त्यामुळे आपले म्हणणे मांडता येते. यादीतल्या इमारतींना महत्त्वानुसार श्रेणी दिली जाते आणि त्यांपैकी श्रेणी १ चे निर्बंध कडक असतात. आपली इमारत फार तर श्रेणी ३ मध्ये बसेल, आणि त्या श्रेणीत पेठेचे रूप सांभाळून आतबाहेर फेरबदल करण्यास बराच वाव असतो.

किनारपट्टी

वरील प्रतिसाद पटला, तरी खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. वारसा-यादीमुळे वापरता न आलेल्या बांधकाम-क्षेत्राच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारे बांधकामाचे हक्क, देण्याची तरतूद आहे, पण लहान गावात त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण. कौले चाळणे, वासे बदलणे, वाळवी रोखणे हे सारे मालकाच्याच खिशातून होते. भावंडांना लोभी ठरवण्यापूर्वी हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवावा.

दुरुस्ती करायचीच ठरली, तर एक चूक टाळावी. मालवणच्या आमच्या दुकानाला कंत्राटदाराने चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा लावला. जांभा पाणी पितो आणि चुन्यातून ते पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल भिंतीतच राहिली आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याचे पापुद्रे चिऱ्याचा थर घेऊनच सुटू लागले. दोष चिऱ्याचा नव्हता, तरीही इमारत जुनी झाली असेच सगळे म्हणू लागले.

जांभाचुना

खर्चाचा मुद्दा अगदी रास्त आहे. म्हणूनच पाडण्याचा किंवा जपण्याचा निर्णय होण्याआधी इमारतीची मोजमापे घ्यावीत, प्रत्येक गाळ्याचे छेद-नकाशे काढावेत, फळ्यांवरच्या आकड्यांचीही छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना कुठल्या गाळ्यात कोणता माल असे, हे विचारून लिहून ठेवावे. सगळी इमारत एकदम हाती घेण्याऐवजी आधी छप्पर आणि पन्हळ नीट करून घ्या. वरून पाणी थांबले की पुढच्या कामांना सवड मिळते.

पेठकरी

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. आज शिडी लावून झडप उघडली. कडीच्या आतल्या अंगाला दोर घासून बोटाचे पेर बसेल एवढी खाच पडली आहे. थोरल्या काकूंना विचारले, तेव्हा पूर येण्याआधी तांदळाची पोती वर ओढताना खालून आकडा मोजण्याचे काम लहानपणी आपल्याकडे असे, असे त्यांनी सांगितले. रविवारी सर्व भावंडे जमणार आहेत. बैठक माळ्यावरच घ्यायचे ठरवले आहे आणि छपराच्या खर्चाचा अंदाजही तोपर्यंत सुताराकडून लिहून घेतो.