मदत हवी आहे: गोचीडताप, प्लेटलेट ३८ हजार, रक्त चढवायचं का?

कृष्णाकाठ
जाणकारांनी लवकर सांगा. आमच्या कुत्र्याला, शेरूला, गोचीडताप निघालाय, प्लेटलेट ३८ हजार. एक डॉक्टर म्हणतात उद्याच्या उद्या रक्त चढवा, दुसरे म्हणतात गोळ्यांवर बरा होईल. कोणाचं ऐकू?

रानवाटा
वय, वजन? खातोय का? गोचिडीतून येणारा कुठला जंतू निघालाय, एर्लिकिया की बॅबेसिया? दोन्हींची औषधं वेगळी. आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, किती आहे?

बंडोपंत
पपईच्या पानांचा रस सकाळ-संध्याकाळ द्या. आमच्या पुतण्याच्या डेंग्यूत प्लेटलेट झपाझप वर आल्या होत्या.

रानवाटा
बंडोपंत, डेंग्यू विषाणूचा, एर्लिकिया असेल तर तो जिवाणू. जिवाणू मारल्याशिवाय प्लेटलेट कशा वर येणार? रसापायी औषधाला उशीर व्हायला नको.

बंडोपंत
मी औषध बंद करा म्हटलेलं नाही. जोडीला द्या म्हटलं.

सह्यकडा
ताप जास्त असेल तर अर्धी कॉम्बिफ्लाम द्या, आमच्या टायगरला देतो.

अनुजा_प
अजिबात नको!! त्यातल्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. इथे तर प्लेटलेट आधीच कमी, म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका, मांजराला तर एक गोळी जिवावर बेतते. सह्यकडा, टायगरचंही थांबवा.

कृष्णाकाठ
अहो माझा प्रश्न रक्ताचा आहे. लॅब्रेडॉर, ६ वर्षं, ३१ किलो. रिपोर्टवर एर्लिकिया लिहिलंय. पीसीव्ही कुठे बघायचा?

रानवाटा
रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट शोधा, टक्क्यांत असतो. कुत्र्याचा साधारण ३७ ते ५५. रक्त चढवतात ते मुख्यतः तांबड्या पेशींसाठी, प्लेटलेट त्याने फारशा वाढत नाहीत. त्यामुळे नुसत्या ३८ हजारांवर ठरवू नका. पीसीव्ही २०च्या आसपास किंवा खाली, हिरड्या पांढऱ्याफटक, बसल्या जागी धाप, असं असेल तर मात्र वेळ दवडू नका. घोळणा फुटलाय का? शी डांबरासारखी काळी? पोटावर लाल ठिपके?

प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की यंत्र आकडा कमी दाखवतं, तेव्हा स्लाइडवर मोजून घ्या. आणि रक्त द्यायचंच ठरलं तर आधी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी, करणार का, हे विचारा.

मनीची आई
गोचिड्या घरातही असतात बरं. भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात अंडी घालतात. आम्ही पाठीवर घालायचे थेंब आणतो.

अनुजा_प
कृष्णाकाठ, घरात मांजर आहे का? कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते विष आहे.

कृष्णाकाठ
आहे, दोघं एकत्रच झोपतात. थेंब नाही आणत. पीसीव्ही २९. हिरड्या फिक्या गुलाबी, रक्त कुठूनच नाही. थोडा भात खाल्ला.

रानवाटा
मग दुसऱ्या डॉक्टरांच्या बोलण्यात तथ्य वाटतं. पण २९ म्हणजे कमीच, तो घसरतोय का हे बघायला उद्या-परवा पुन्हा रक्त तपासा. एर्लिकियावरचं प्रतिजैविक, डॉक्सीसायक्लिन, सुरू झालं का? साधारण २८ दिवस देतात. बहुतेक कुत्री दोन दिवसांत तरतरी दाखवतात. चौथ्या दिवशी उड्या मारायला लागला म्हणून कोर्स सोडू नका. दोन दिवसांत फरकच नाही पडला तर जोडीला बॅबेसिया आहे का, तपासायला सांगा.

सह्यकडा
कुठे राहता? महानगरपालिकेत परवाना काढलात का कुत्र्याचा?

कृष्णाकाठ
वाई. इथे कसली महानगरपालिका!

अनुजा_प
वाई? आधी सांगायचं ना. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे तुमच्या जवळ. दोघा डॉक्टरांचं जुळत नसेल तर रिपोर्ट घेऊन तिथे जा.

कृष्णाकाठ
पहिल्या डॉक्टरांना फोन करून पीसीव्ही आणि क्रॉसमॅचचं विचारलं. म्हणाले, परवाचा रिपोर्ट बघून ठरवू, आज रक्त नको. गोळ्या आजच सुरू. परवा शिरवळलाच नेते. आता एकच, गोळी थुंकून टाकतो. पेढ्यात घालून देऊ?

रानवाटा
पेढा, पनीर, दही नको. दुधातल्या कॅल्शियममुळे डॉक्सी अंगाला लागत नाही. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात द्या, वर पाणी पाजा. गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते.

बंडोपंत
पोळीच्या लाडवातही जाते. गूळ मात्र कमी घाला.